बाळाच्या तपासणीत घरची अडचण विचारावी का, आणि विचारली तर पुढे काय करावे?

प्रश्न: बालरोगतज्ज्ञ, उपजिल्हा रुग्णालय, मराठवाडा

सर्वांना नमस्कार. माझ्या मनात काही महिने घोळत असलेला एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो आहे.

बावीस महिन्यांची एक मुलगी आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झाली, तेव्हा तिचा दंडघेर 11.1 सेंटिमीटर होता. 11.5 च्या खाली आले की बालक तीव्र कुपोषित मानतात, हे येथील बहुतेकांना ठाऊक आहे. चौदा दिवसांत तिची भूक सुधारली, वजन अपेक्षेप्रमाणे वाढले आणि आम्ही समाधानाने तिला घरी सोडले. पुढच्या दोन महिन्यांत आई पाठपुराव्याच्या चारपैकी एकाच भेटीला आली आणि त्यानंतर मुलगी जवळपास पहिल्याच अवस्थेत पुन्हा दाखल झाली. क्षयरोगाची तपासणी, जंत, हगवण, सारे पाहून झाले आणि काहीही सापडले नाही.

कारण कळले ते आमच्या आहारतज्ज्ञ ताईंना, तेही सहज बोलता बोलता. त्या घरात माणसे पाच, आणि रेशनकार्डावर नावे तीन: सासू, सासरे आणि नवरा. सुनेचे नाव लग्नाला चार वर्षे होऊनही माहेरच्या कार्डावरच होते आणि मुलीचे नाव कोणत्याच कार्डावर नव्हते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, त्यामुळे पंचवीस किलोंच्या हक्काच्या घरात पंधरा किलो येत होते आणि जेवायला सर्वांत शेवटी बसणाऱ्या दोघींच्याच नावाचे धान्य येत नव्हते. मी दोनदा उपचार केले, आणि दोन्ही वेळा हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

आता वाटते की, लसीकरणाला आलेल्या किंवा वजन न वाढणाऱ्या प्रत्येक बाळाच्या आईला आपण धान्य, कामधंदा, राहते घर, घरातील त्रास याविषयी विचारायला हवे. पण बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी सत्तर-ऐंशी बाळे असतात, वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाचे पद आमच्याकडे नाही आणि अशा प्रश्नांनी माणसे दुखावतील अशीही भीती वाटते. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: कोणी विचारावे, कोणत्या शब्दांत विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावर आपल्या हातात नेमके काय असते?

उत्तर 1: खासगी बालरोगतज्ज्ञ, तालुक्याचे ठिकाण

डॉक्टर, आपली कळकळ समजते, पण मला हा मार्ग पटत नाही. रेशनकार्ड दुरुस्त करणे हे पुरवठा शाखेचे काम आहे आणि त्यासाठी तिथे पगारी माणसे आहेत. जे काम आपल्याला शिकवलेले नाही ते अंगावर घेतले, तर जे शिकलो त्यालाच वेळ उरणार नाही. शिवाय एकदा विचारले की आशा निर्माण होते आणि ती पुरी करता आली नाही तर आईचा आपल्यावरील विश्वासही जातो.

उत्तर 2: निवृत्त वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, मुंबई

वरील डॉक्टरांचा शेवटचा मुद्दा अगदी खरा आहे आणि त्यापासूनच सुरुवात करते. उत्तर ऐकून घेऊन पुढे काहीच करायचे नसेल, तर विचारू नये. मात्र त्यावरून काहीच विचारू नये असा निष्कर्ष मी काढणार नाही. ज्याचे उत्तर आपल्या तालुक्यात मिळू शकते तेवढेच आधी विचारावे, असे माझे मत आहे.

महानगरपालिकेच्या रुग्णालयात बालविभागात सत्तावीस वर्षे काम केल्यानंतर शब्दांविषयी काही गोष्टी ठामपणे सांगू शकते. पहिली म्हणजे, सर्वांना विचारावे. कपडे पाहून निवडक बायकांना विचारले की अपमान होतो. “आम्ही येथे प्रत्येक आईला विचारतो” असे म्हणून विचारले की होत नाही. दुसरी, “तुम्ही गरीब आहात का”, “खायला आहे का” असे कधीही विचारू नये. मी असे विचारत असे: “महिन्याचे धान्य महिनाभर पुरते, की शेवटच्या आठवड्यात उसनवारी करावी लागते?” उसनवारी हा शब्द कोणाला लागत नाही, कारण ती सर्वांनीच कधी ना कधी केलेली असते. तिसरी, सासू किंवा नवरा शेजारी उभा असताना घरातील त्रासाविषयी चकार शब्द काढू नये. बाळाचे वजन करण्यासाठी आईला एकटीला आत घ्यावे आणि तेव्हा विचारावे. आणि जे सांगितले जाते ते केसपेपरवर लिहिण्याआधी तिची परवानगी घ्यावी, कारण केसपेपर घरी जातो आणि घरातील सर्वजण तो वाचतात.

मारहाणीविषयी विचारायला डॉक्टर घाबरतात, ते स्वाभाविक आहे. पण वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 च्या सुमारास महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून दिलासा केंद्र सुरू केले, तेव्हा रुग्णालयाच्या आतच बाईला बोलायला जागा मिळाली, हे त्यातील मोठे पाऊल होते. बाई एकटी पोलीस ठाण्यात जाऊ शकत नाही. बाळाला घेऊन दवाखान्यात मात्र जाऊ शकते, तिला कोणी अडवत नाही. बालरोग विभागाचे हे सामर्थ्य आपण पुरेसे ओळखलेले नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रियांना आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक ओपीडीच्या भिंतीवर असायला हवा.

आता “पुढे काय” याविषयी. “तहसीलला जा” हे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. चिठ्ठीवर लिहावे: पुरवठा शाखा, माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, आईचे आणि मुलीचे आधार, मुलीचा जन्मदाखला, सासरच्या कार्डात नाव वाढवण्याचा अर्ज. आणि त्यासोबत आपल्या सहीशिक्क्याचे दोन ओळींचे पत्र द्यावे की, हे बालक तीव्र कुपोषणासाठी उपचाराखाली असून नाव समाविष्ट होणे उपचाराच्या दृष्टीने निकडीचे आहे. त्या पत्राने कायदा बदलत नाही, परंतु टेबलापलीकडील माणूस अर्ज बाजूला सारण्याआधी एकदा थांबतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. विधवा किंवा एकट्या आईच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून तिचे अनुदान दरमहा प्रति बालक 2,250 रुपये झाले. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाते. ओपीडीत दहा वर्षे येणाऱ्या कितीतरी आयांनी या योजनेचे नावही ऐकलेले नसते.

उत्तर 3: अंगणवाडी पर्यवेक्षिका, बीड जिल्हा

डॉक्टरसाहेब, आपण प्रश्न विचारलात याचा आनंद वाटला. फक्त एक विनंती आहे: हा प्रश्न कोणत्या महिन्यात विचारता, त्यालाही महत्त्व द्यावे.

माझ्या बीटमधील (माझ्या देखरेखीखालील अंगणवाड्यांच्या गटातील) निम्म्याहून अधिक घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून उचल त्या जोडीच्या नावावर घेतलेली असते. बाळ आजारी पडले म्हणून आई एक दिवस फडात गेली नाही, तर खाडा धरतात आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. पोषण पुनर्वसन केंद्रात बाळाबरोबर राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, हे बरोबर आहे. पण ती तिच्या एकटीच्या दिवसाची असते, आणि इथे बसतो तो कोयता मोडल्याचा, म्हणजे कामावरची जोडी फुटल्याचा दंड. अशा आईला हंगामात चौदा दिवस दाखल व्हा म्हटले की ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. कागदावर आपण “पालकांचा नकार” असे लिहितो. तो शब्द मला फार खटकतो, कारण तिने नकार दिलेला नसतो, तिला होकार परवडलेला नसतो.

म्हणून माझे सांगणे असे की, ही विचारपूस श्रावण-भाद्रपदातच पुरी करावी. त्या वेळी माणसे गावात असतात, कुपोषित बालकांसाठीचे ग्राम बाल विकास केंद्र गावातल्या गावात चालवता येते आणि आईला घर सोडावे लागत नाही. त्याच वेळी रेशनचेही पाहावे. एक देश एक रेशनकार्ड व्यवस्थेत कारखान्याजवळच्या दुकानातून अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते आणि गावी राहिलेले सासूसासरे उरलेले धान्य गावच्या दुकानातून घेऊ शकतात. हे बहुतेक जोडप्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ती पाच-सहा महिने बाजारभावाने पीठ विकत घेतात. मात्र ज्याचे नाव ऑनलाइन नाही त्याला यातले काहीच लागू होत नाही. कार्डावर पेनाने नाव लिहिलेले असते आणि रेशन दुकानातील मशीनमध्ये ते नसते, अशी उदाहरणे माझ्याकडे डझनावारी आहेत. कार्ड पाहून समाधान मानू नये, रेशनकार्डाचा बारा अंकी क्रमांक ऑनलाइन टाकून नाव तपासावे. हे काम आमच्या सेविका दोन मिनिटांत करून देतात. आपण फक्त आम्हाला नाव कळवावे. आजवर रुग्णालयातून आम्हाला बाळाचे वजन कळते, घरची अडचण कधीच कळत नाही.

उत्तर 4: एक वडील, नाशिक जिल्हा

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. उत्तर 1 मधील मत वाचून लिहावेसे वाटले.

एका मोठ्या रुग्णालयात आम्ही तीन वर्षे फिजिओथेरपीसाठी जात होतो. एस.टी.चे भाडे, माझी बुडालेली रोजंदारी आणि पत्नीची होणारी ओढाताण यांमुळे आठवड्यातून तीन वेळा जायचे ते एकदा, आणि मग महिन्यातून एकदा असे झाले. प्रत्येक वेळी आम्हाला रागावून विचारले गेले, “नियमित का येत नाही?” तो प्रश्न म्हणून विचारलेला नसे, कारण उत्तरासाठी कोणी थांबत नसे. चौथ्या वर्षी नव्या आलेल्या थेरपिस्ट ताईंनी शांतपणे विचारले, “येता कसे आणि खर्च किती होतो?” त्यांच्याकडून कळले की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले तर एस.टी.त सवलत मिळते, आणि निरामय या आरोग्यविमा योजनेत अशा मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून त्यात थेरपीचा खर्चही येतो. प्रमाणपत्राची खोली त्याच इमारतीत, आम्ही तीन वर्षे बसत होतो त्या बाकापासून एक मजला वर होती.

त्या ताईंनी आमचा अर्ज भरून दिला नाही. कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, कोणते कागद घेऊन जायचे एवढेच सांगितले. त्याला पाच मिनिटे लागली असतील.

उत्तर 5: मराठी बालरोगतज्ज्ञ, बॉस्टन परिसर

येथील अनुभव वेगळ्या व्यवस्थेतील आहे, तरी दोन गोष्टी कामाच्या वाटतात.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2015 मध्ये अशी शिफारस केली की प्रत्येक नियमित तपासणीत अन्नाच्या टंचाईविषयी विचारावे, आणि त्यासाठी दोनच प्रश्नांचा संच सुचवला. प्रश्न दोनच असल्यामुळे तो टिकला. सुरुवातीला आमच्याकडे दोन पानी प्रश्नावली होती. ती परिचारिकांनी महिनाभर भरली आणि मग कोऱ्या प्रती फायलींत जमू लागल्या. दुसरी गोष्ट, 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड येथील रुग्णालयांतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला मदतीच्या ठिकाणांची छापील माहिती दिली, तर दुसऱ्या गटासाठी प्रत्यक्ष एक व्यक्ती नेमली, जी कुटुंबाशी बोलून पाठपुरावा करत होती. चार महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या अडचणी अधिक कमी झाल्या आणि पालकांच्या मते मुलांची प्रकृतीही अधिक सुधारली. उत्तर 2 मधील ताई चिठ्ठीविषयी जे सांगतात, त्याच्या पुढची पायरी ही आहे: चिठ्ठीनंतर एक फोन.

हा विचार परका आहे असे मात्र कोणी समजू नये. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा दुष्काळातील लोकांनी आधी अन्न आणि पाणी मागितले, आणि त्यांनी त्यालाच आरोग्याचे काम मानले. मी हे येथील सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा ते वही काढून लिहून घेतात.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर 1 मधील डॉक्टरांचेही, कारण त्यांच्या आक्षेपामुळे मी प्रश्न दोनवर आणले: धान्य महिनाभर पुरते का, आणि घरातील प्रत्येकाचे नाव रेशनमध्ये ऑनलाइन आहे का. मारहाणीविषयीचा प्रश्न एवढ्यात सर्वांना विचारणार नाही. आमच्या परिचारिकांना त्याचे प्रशिक्षण मिळेपर्यंत, वजनासाठी आई एकटी आत आली असता तिने स्वतःहून विषय काढला तरच बोलू. प्रश्न वजनकाट्याशेजारी बसणाऱ्या परिचारिका विचारतील. ज्यांचे उत्तर अडचणीचे असेल त्यांची यादी दर शनिवारी तालुक्यातील पर्यवेक्षिकांकडे, आईची परवानगी घेऊनच, जाईल आणि पंधरा दिवसांनी आहारतज्ज्ञ ताई फोन करतील.

त्या मुलीच्या आईचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झाले आहे. सासरच्या कार्डावर मायलेकी दोघींची नावे चढली, पण तालुक्याचा इष्टांक (धान्य मिळणाऱ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या) पूर्ण भरल्याचे सांगून त्यांचे धान्य अजून सुरू केलेले नाही. सोमवारी पत्र घेऊन मी स्वतः पुरवठा शाखेत जाणार आहे. इष्टांकाच्या अडचणीतून कोणी मार्ग काढला असेल, तर त्याआधी कृपया येथे लिहावे.