'सेट'ला मराठीत एकच शब्द आहे का? दह्याने अडवलंय

पानभर_मजकूर
नमस्कार मंडळी. मी घरबसल्या भाषांतराची छोटी कामं घेते. सध्या दही लावायच्या यंत्राची माहितीपुस्तिका आलीय, इंग्रजीतून मराठी, आठच पानं, म्हटलं एका संध्याकाळचं काम आहे. तिसऱ्या पानावर जी अडले ती अडलेच. एकाच पानावरची वाक्यं बघा:

सेट ऑफ सिक्स कप्स.
सेट द बाउल इन प्लेस.
सेट द टायमर.
टेम्परेचर इज प्री-सेट.
लेट द कर्ड सेट.
सेट असाइड टु कूल.
डू नॉट सेट ऑन अ हॉट सरफेस.

आधी सगळीकडे 'सेट करा', 'सेट होऊ द्या' लिहून मोकळी झाले. तिकडून मेल आला की प्लीज प्रॉपर मराठी वापरा. मग वैतागून ते पान कॉम्प्युटरच्या भाषांतरात टाकलं तर 'दही स्थापित होऊ द्या' आलं. दही स्थापित! मग दीड दिवसाने विसर्जन पण सांगायचं का? तर प्रश्न असा की सगळीकडे चालेल असा एखादा मराठी शब्द आहे का, नसेल तर तुम्ही काय करता?

बांधकामवाला
ताई, दह्याचं मला कळत नाही, सिमेंटचं सांगतो. साइटवर गवंडी पण 'माल सेट झाला' असंच म्हणतो, मराठी शब्द कोणी शोधत बसत नाही. पण आमच्यात सेट होणं आणि कडक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घ्या. साध्या पोर्टलँड सिमेंटला मानकात लिहिलंय की सुरुवातीचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत व्हायला नको आणि शेवटचं ६०० मिनिटांच्या आत व्हायला पाहिजे, लॅबमध्ये सुई टोचून बघतात किती आत जाते. सेट झालं म्हणजे फक्त आकार सोडत नाही, बोट दाबलं तर खड्डा पडत नाही एवढंच. ताकद नंतर येते, पाणी मारायला लागतं, २८ दिवसांनी त्याच मालाचा ठोकळा (क्यूब) फोडून बघतात. नवीन पोरं सेट झालं म्हणून लगेच वर विटा रचून ठेवतात आणि मग आमची बोलणी खातात. तुमच्या दह्याचं पण तसंच असणार, हलवलं तर मोडतं ना.

पानभर_मजकूर
@बांधकामवाला अगदी तस्संच आहे, पुस्तिकेत लिहिलंय की तयार होईपर्यंत यंत्र हलवू नका आणि मग फ्रिजमध्ये ठेवलं की अजून घट्ट होतं. सिमेंट आणि दही एकाच माळेतले निघाले.

जुनी_वही
एक शब्द मिळणार नाही, तो नाद सोडा. इंग्रजीतला सगळ्यात बदनाम शब्द उचललाय तुम्ही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली तेव्हा सगळ्यात लांब नोंद 'सेट'चीच होती, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही त्याचे चारशेच्या वर अर्थ आणि एकट्या त्या नोंदीचे साठ हजारांच्या आसपास शब्द, म्हणजे एका शब्दावर अख्खी कादंबरी झाली. नंतर कोश ऑनलाइन सुधारायला घेतला तेव्हा 'रन' पुढे गेला, २०११ मध्ये त्याच्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले आणि ती नोंद लिहिणाऱ्या पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने त्यात गेले.

पण मला मजा वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या यादीतला पहिला सेट, सहा कपांचा, तो मुळात बाकीच्यांच्या घरातलाच नाही. तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या 'सेक्टा'वरून आलाय, एकामागून जाणाऱ्यांचा गट, पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचाच भाऊ. टायमरचा, बाउलचा, दह्याचा सेट अस्सल इंग्रजी, 'सिट'चं प्रयोजक रूप, म्हणजे बसणेचं बसवणे. दोन वेगळी माणसं, नाव एकच, पुढे शेजारी राहून राहून एकमेकांसारखी दिसायला लागली. म्हणून पहिल्याला आपल्याकडे 'संच' आहे (गणितात आपण तोच शिकलो), आणि दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी 'बसवणे' चपखल बसतं. खडा बसवतात, हाड बसवतात, फरशी बसवतात, या सगळ्याला इंग्रजीत सेटच. तुमचा बाउल पण 'जागेवर बसवा'.

अर्धा_कप
तरीच! सेट आणि बसणे एकाच मुळातले, दोन्हीत 'स' आहे की 😀

जुनी_वही
@अर्धा_कप नाही हो, तिथेच सगळे फसतात. बसणे हे जुन्या 'बैसणे'वरून आणि ते संस्कृत 'उपविश्'वरून. 'सेट'चा खरा नातेवाईक संस्कृत 'सद्' आहे, ज्याच्यापासून सदन, संसद, परिषद आणि उपनिषद. त्यामुळे टायमरचा सेट आणि उपनिषद चुलत भाऊ आहेत, आणि बसणे नुसताच शेजारी.

मास्तरीण_७४
तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, माझं ऐका. 'सेट'चा अर्थ काय हे मुलांनी विचारलं की मी उलट विचारायचे, काय सेट करतायत? कारण मराठीत क्रियापद वस्तूवरून ठरतं. पेपर काढतात. सापळा लावतात. मुहूर्त धरतात. दुकान थाटतात. जेवायच्या टेबलाला तर आपल्याकडे 'पानं घ्या' म्हणतात, त्यात सेटही नाही आणि टेबलही नाही. सूर्याच्या बाबतीत तो आपणहून मावळतो, त्याला कोणी सेट करत नाही. एकदा एका मुलाने 'द सन सेट्स'चं भाषांतर 'सूर्य बसतो' असं केलं होतं, मी अर्धा मार्क दिला, दिवसभर फिरल्यावर बसणारच की बिचारा.

आणि एक तक्रार पण नोंदवते. 'मुलगा कॅनडात सेट झाला' हे सगळे म्हणतात, तिथे मुळात शब्द 'सेटल' आहे, आपण त्याचं शेपूट कापलं. आता मराठीत रूढ झालाय म्हणून मी गप्प बसते, पण कानाला खटकतोच.

सेटिंगवाला_पक्या
आणि 'सेटिंग' राहिलं की ताई. 'वरपर्यंत सेटिंग आहे' ह्याचं प्रॉपर मराठी करून पाठवा त्यांना 😂

निवांत_कोकणी
सगळे इंग्रजीला नावं ठेवताय, आपलं 'लागणे' कुठे गेलं? भूक लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, ठेच लागते, झोप लागते, वाटेत गाव लागतं, थिएटरला सिनेमा लागतो, पोराला आजीचा लळा लागतो. परक्या माणसाने काय करायचं सांगा. माझा रूममेट चेन्नईचा, त्याला पहिल्यांदा पसरणी घाटातून पाचगणीला नेलं तेव्हा तो हिरवानिळा झाला, तेव्हा त्याला शिकवलं की ह्याला 'गाडी लागणे' म्हणतात. पुढच्या महिन्यात स्वारगेटला मी फलाटावर उभा आणि तो बाहेर चहा पीत, मी फोन करून ओरडलो, अरे गाडी लागली, लवकर ये! तो धावत आला तो हातात लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन. मी बसकडे बोट दाखवतोय आणि तो माझ्या तोंडाकडे बघतोय.

आणि ताई, तुमचं उत्तर ह्यातच आहे. दही लागतं. 'दही लागलं का गं' असंच विचारते माझी आई सकाळी उठल्यावर, भांडं जरा तिरपं करून बघते, कडेने सुटलं आणि मधे हललं नाही की लागलं.

मास्तरीण_७४
@निवांत_कोकणी वा. फक्त जपून हं, दूध लागलं म्हणजे बुडाला करपलं आणि दही लागलं म्हणजे जमलं. आणि 'दही छान लागतं' म्हणजे चव. तिन्ही एकाच ओट्यावर.

अर्धा_कप
'दही लागू द्या' असं एकटं वाक्य छापील पुस्तिकेत विचित्र नाही का वाटणार? शहरातल्या पोरांना कळेल का शंका आहे. 'घट्ट लागेपर्यंत' असं केलं तर?

पानभर_मजकूर
@अर्धा_कप हो, तोच गोंधळ माझ्या डोक्यात होता, 'घट्ट लागेपर्यंत' एकदम बरोबर वाटतंय. सगळ्यांचे आभार, काल रात्री बसून पान पुरं केलं. आता असं झालंय: सहा कपांचा संच. भांडं जागेवर नीट बसवा. टायमर लावा. तापमान आधीच ठरवून दिलेलं आहे. दही घट्ट लागेपर्यंत यंत्र हलवू नका. थंड व्हायला बाजूला ठेवा. गरम ओट्यावर ठेवू नका. सात सेट होते, एकही शिल्लक नाही, फक्त 'ठेवा' दोनदा आलंय ते चालवून घेतलं. घरी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, यंत्र कशाला पाहिजे, डबा गहू भरलेल्या पिंपात ठेव की.

आता पाचव्या पानावर आलेय. 'डू नॉट रन एम्प्टी', 'रन अंडर टॅप वॉटर', 'इफ द मिल्क रन्स ओव्हर'.

जुनी_वही
ताई, ६४५ आहेत. नवीन धागा काढा.