मदत हवी आहे : पीसीवर सारखा 'मेमरी कमी आहे' असा मेसेज येतोय

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत घरी जुना पीसी आहे. विंडोज १०, रॅम ४ जीबी. वडील त्यावर दूध संस्थेचे हिशेब करतात. क्रोम आणि एक्सेल एकत्र उघडलं की मेमरी कमी असल्याचा मेसेज येतो. काल ताळेबंद सेव्ह करायच्या आधीच एक्सेल बंद पडलं, दोन तासांचं काम गेलं. वडील काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनकडं बघत बसले. फार वाईट वाटलं.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९२ टक्के भरलेली दिसते. सी ड्राइव्हवर जेमतेम २ जीबी जागा आहे, त्यामुळं पेजफाइलला (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल मेमरीसारखी वापरतं, तिला) वाढायला वावच नसेल का? ती डी ड्राइव्हवर हलवू, की आधी डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमची आणखी एक ४ जीबीची पट्टी घालू? एक स्लॉट रिकामा आहे. शाहूपुरीकडं जुनी रॅम तपासून देणारं कुणी असेल तर सांगा. मार्चअखेर तोंडावर आलीय.