यामाहा वायझेड १२५: गिअरबॉक्सला कोणतं ऑइल, पेट्रोलमध्ये टू-टी किती?

कृष्णाकाठ_१२५ (कराड)

मागच्या महिन्यात पुण्याहून जुनी वायझेड १२५ (मातीतल्या शर्यतीची टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी) आणली, २००७ चं मॉडेल. याआधी सहा वर्षं आरएक्स १३५ होती. तिला ऑइल पंप, त्यामुळे बाजूच्या टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) भरलं की काम झालं. हिला पंपच नाही. तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच टाकीत ओतायचं, आणि हे मी पहिल्यांदाच करतोय.

आधीचा मालक म्हणाला, लिटरला ४० मिली घाल. वडील म्हणतात, आमच्या चेतकला २० मिलीत भागायचं, तू दुप्पट कशाला ओततोस? मालवणचा मावसभाऊ म्हणतो, बोटीच्या आउटबोर्डचं ऑइल एकदम भारी असतं, दोन डबे पाठवतो. सध्या ४० मिलीच घालतोय, साधं टू-टी. सायलेन्सरच्या जोडातून काळं चिकट तेल गळतं आणि अर्धा तास चालवली तरी धूर कमी होत नाही.

दुसरी अडचण गिअरबॉक्सची. इथल्या एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं, त्यांनी ९० नंबरचं गिअर ऑइल टाकलं. तेव्हापासून सकाळी क्लच पूर्ण दाबून पहिला टाकला तरी गाडी पुढं ओढते, आणि उभी असताना न्यूट्रल सापडत नाही. गरम झाल्यावर थोडा फरक पडतो.

गाडी फक्त माळावर चालवतो, रविवारी दोन तास. दोन्ही तेलं कोणती घालू? इंजिन पकडलं तर पिस्टन-सिलिंडरचा खर्च मला झेपणार नाही, म्हणून आधीच विचारतोय.

सह्याद्री_एंड्युरो (पुणे)

भावा, ४० मिली फारच झालं. माझ्याकडे केटीएम २५० ईएक्ससी आहे, कंपनीच ६०:१ सांगते, म्हणजे लिटरला जेमतेम १७ मिली. चांगलं सिंथेटिक टू-टी घे आणि ६०:१ वर ये, गळती बंद होईल. गिअरबॉक्सला मी १५डब्ल्यू-५० फोर-टी (फोर-स्ट्रोक गाड्यांचं) इंजिन ऑइल घालतो. चार वर्षांत क्लच प्लेट बदलावी लागली नाही.

पाना_१०_१२ (सांगली)

६०:१ हिला घालू नकोस. वरच्या मित्राचं त्याच्या गाडीपुरतं बरोबर आहे. पण २५० ची एंड्युरो गाडी दऱ्याखोऱ्यांतून कमी आरपीएमवर चालते, आणि १२५ ची मोटोक्रॉस ११ हजारांच्या वर ओरडत असते. क्रँकचं बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं आणि पिस्टन, या सगळ्यांना तेल मिळतं ते फक्त पेट्रोलबरोबर येईल तेवढंच. आरपीएम जितके जास्त तितकी तेलाची गरज जास्त. यामाहाने या गाडीला ३०:१ दिलंय, लिटरला ३३ मिली. तिथेच राहा.

वडिलांचंही चुकत नाही. चेतकला २ टक्केच लागायचं. पण चेतकला घेऊन कोणी टेबलटॉपवरून (शर्यतीतल्या मातीच्या सपाट उंचवट्यावरून) उडी मारत नव्हतं.

आधी गिअरबॉक्सचं सांगतो, कारण ते आजच्या आज सुधारता येईल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचा कप्पा वेगळा आणि गिअरबॉक्सचा वेगळा, मधे ऑइल सील. गिअरबॉक्समधलं तेल पिस्टनपर्यंत जातच नाही. त्याची कामं दोन: गिअरचे दात सांभाळायचे आणि क्लचच्या प्लेटा भिजत्या ठेवायच्या. हे दुसरं काम गॅरेजवाले विसरतात. ९० नंबर बहुतेक वेळा जीएल-५ दर्जाचं असतं, ट्रॅक्टर-ट्रकच्या डिफरन्शिअलसाठी केलेलं. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं तिथे हवीतच, पण ओल्या क्लचसाठी ते तेल बनवलेलंच नाही, आणि पितळेच्या-ब्राँझच्या बुशांनाही ती द्रव्यं सोसत नाहीत. शिवाय गार असताना ते काकवीसारखं घट्ट. क्लच दाबला तरी प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात, म्हणून गाडी ओढते. क्लचची केबल ताणून हे सुटणार नाही.

नंबरांचा घोळही इथेच होतो. गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. टू-स्ट्रोक डर्ट बाइकसाठी ८० नंबरचं खास गिअर ऑइल मिळतं, ते जाडीला साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलसारखंच असतं. ते मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर मोटरसायकलचं १०डब्ल्यू-४० फोर-टी घे, डब्यावर जासो (जपानी दर्जाची खूण) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून. एमबी लिहिलेलं घेऊ नकोस, ते गिअर नसलेल्या स्कूटरचं, क्लच घसरेल. कारचं मायलेज वाढवणारं ऑइल त्याच कारणाने नको.

महागाचंही नको. या कप्प्यात काजळी येत नाही, येतो तो क्लचच्या प्लेटांचा आणि त्या ज्यात बसतात त्या अॅल्युमिनियमच्या बास्केटचा भुगा. तेल राखाडी होतं ते त्यामुळे. दोन हजारांचं ऑइल वर्षभर ठेवण्यापेक्षा साधं ऑइल दर आठ-दहा तासांनी बदललेलं मला कधीही चांगलं वाटतं. ६६० मिली बसतं. काढलेलं तेलही मोजून ठेव, ही सवय लाव. दुधाच्या चहासारखं दिसलं तर वॉटर पंपाचं सील गेलं समज.

आता टू-टी. डब्यावर जासो एफडी बघ. एफबी, एफसी, एफडी अशा पायऱ्या आहेत, एफडी सगळ्यात वरची, रिंग आणि एक्झॉस्ट स्वच्छ ठेवण्यात पुढे. मावसभावाचे डबे परत पाठव. आउटबोर्डच्या ऑइलवर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. ते इंजिन समुद्राच्याच पाण्याने थंड होतं आणि एकाच गतीने तासन्‌तास चालतं, ते तेल त्याच गारव्यासाठी केलेलं असतं. तुझं पिस्टन कितीतरी जास्त तापतं.

आणि एक गोष्ट नीट समजून घे, कारण मी ती नुकसान सोसून शिकलो. १९९७ साली मी माझ्या आरएक्स १०० चा ऑइल पंप काढून टाकला, मातीतल्या शर्यतीसाठी. पंप नाही म्हणून भीती, म्हणून लिटरला ६० मिली टू-टी घातलं. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तोच ठेवला. जतकडच्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरला थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि मागचं चाक एकदम लॉक. क्लच ओढला म्हणून वाचलो. ब्लॉक उघडला तर एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर उभे ओरखडे. मला कळेना, एवढं तेल असताना पकडलंच कसं? दोन दिवस विचार केल्यावर ध्यानात आलं. जेटच्या भोकातून जे जातं त्यात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं. पंप असताना कार्ब्युरेटरमधून नुसतं पेट्रोल जायचं, आता त्यातला ६ टक्के वाटा तेलाने खाल्ला. तेल भरपूर होतं, पेट्रोल कमी पडलं, इंजिन तापलं आणि पकडलं.

म्हणून प्रमाण बदललं की जेटिंगही बदलतं. आज ४०, उद्या २०, परवा दुसऱ्या कंपनीचं, असं करू नकोस. ३०:१ ठरव, एकच ऑइल ठरव, आणि मग स्पार्क प्लगचा रंग बघून मेन जेट बसव.

मोजायला मेडिकलमधून ५० मिलीची मोठी सिरिंज आण. पाच लिटरला १६७ मिली. आधी कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग तेल, मग उरलेलं पेट्रोल, झाकण लावून चांगलं हलव. बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजायचं नाही.

लाल_माती (कुडाळ)

वरचं सगळं पटलं. कोकणातला अनुभव जोडतो, कराडलाही पावसाळ्यात कामाला येईल.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मागच्या जुलैत मी मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन अर्धा भरलेला, झाकण सैल, तीन आठवडे पडवीत ठेवला होता. एकदा पुरेसं पाणी शिरलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. तळातल्या त्या थराला टू-टी धरवत नाही, तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. गाडी सुरू झाली आणि पन्नास फुटांवर बंद. कार्ब्युरेटरची वाटी काचेच्या ग्लासात रिकामी केली तेव्हा दोन थर स्पष्ट दिसले. नशीब ती बंद पडली, तशीच पळाली असती तर बेअरिंगला तेलाचा थेंब मिळाला नसता. आता मी रविवारच्या फेरीपुरतंच मिसळतो, आणि उरलेलं त्याच आठवड्यात संपवतो.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण आणखी कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आधीच्या मालकाने जुन्या पेट्रोलवर जेट बसवला असेल तर आज तो छोटा पडू शकतो. प्लग पांढरा दिसला तर वाट बघू नका.

कोणी एरंडेलाचं रेसिंग ऑइल सुचवेल. मी एक वर्ष वापरलं. एक्झॉस्टचा तो गोडसर वास मला अजून आवडतो, आणि प्रचंड उष्णतेत पिस्टनला धरून ठेवण्यात एरंडेलाचा हात धरणारं तेल नाही. पण डिसेंबरात आंबोलीला रात्री गारठ्यात कॅन ठेवला तर सकाळी तेल वेगळं झालेलं. आणि वर्षाअखेरीस पॉवर व्हॉल्व्हवर (एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेल्या झडपेवर) डिंकासारखा थर. दर शर्यतीनंतर इंजिन उघडणाऱ्यासाठी ते ठीक, रविवारी दोन तास चालवणाऱ्यासाठी नाही.

कृष्णाकाठ_१२५ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार झाले, म्हणून कळवतोय.

१०डब्ल्यू-४० एमए२ टाकलं, सिरिंजने मोजून बरोबर ६६० मिली. सकाळी पहिल्याच किकनंतर पहिला टाकला, गाडी जागची हलली नाही. न्यूट्रलही लगेच सापडतो. एफडी टू-टी ३०:१ ने घालतोय, पाच लिटरला १६७.

पण धूर आहेच, काळी गळतीही आहे. काका, तुम्ही मोजायला सांगितलं होतं म्हणून आज सहा तासांनंतर गिअर ऑइल काढून मोजलं. फक्त ५४० मिली निघालं. इंजिनखाली पुठ्ठा ठेवला होता, त्यावर एक डाग नाही. १२० मिली गेलं कुठं?

पाना_१०_१२ (सांगली)

जळलं. उजव्या बाजूचं, क्लचकडचं क्रँक सील गेलंय. पिस्टन वर जाताना क्रँकच्या कप्प्यात ओढ तयार होते, आणि फाटक्या सीलमधून गिअरबॉक्सचं तेल आत खेचलं जातं. तुझी काळी गळती ४० मिलीची नव्हती, ते गिअर ऑइल होतं. आणि ६०:१ केलं असतंस तर गळती तशीच राहिली असती, वर पिस्टन उपाशी.

माळावर नेऊ नकोस आता. क्लचचं कव्हर उघड, प्रायमरी गिअर काढ, बेअरिंगमध्ये वर-खाली हालचाल आहे का बोटाने बघ. बेअरिंग ढिलं असेल तर नवं सील महिन्यात पुन्हा जाईल. डाव्या बाजूचं मॅग्नेटोकडचं सीलही त्याच वेळी बदल. ते गेलं तर धूर येत नाही, उलट हवा आत शिरते, आयडल आपोआप चढतं आणि इंजिन कोरडं चालून पकडतं. दोन्ही सीलवर लिहिलेली मापं इथे टाक.

कृष्णाकाठ_१२५ (कराड)

शनिवारी उघडतो. मापं आणि बेअरिंगचं काय ते संध्याकाळपर्यंत लिहितो.