मदत हवी आहे : १८० गॅलनच्या रीफ टाकीत पाणी फिरतंय, पण दगडांमागे पोचत नाही

नमस्कार मंडळी,

मुक्काम न्यू जर्सी. इथे रीफवाले (खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणारे) पुष्कळ आहेत, पण पुढचा खर्च घरच्यांच्या संमतीने व्हायचा आहे, तेव्हा धागा घरात सगळ्यांना वाचता यावा म्हणून मराठीत विचारतोय. (पुण्यात होतो तेव्हा गोड्या पाण्याचीच टाकी होती. तिकडे २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे हा नाद इथे आल्यावरच लागला.)

टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच, म्हणजे साधारण ६८० लिटर. मागची बाजू भिंतीला टेकलेली. संप (पाणी साफ करायची खालची टाकी) बेसमेंटमध्ये असल्यामुळे तिथून पाणी परत वर पाठवणाऱ्या रिटर्न पंपाला ११ फूट पाणी चढवावं लागतं. पंपाच्या खोक्यावर ताशी १८०० गॅलन छापलंय. प्रत्यक्षात किती येतं ते बघायला ओव्हरफ्लोचा (वरच्या टाकीतून संपात उतरणारा) पाइप पाच गॅलनच्या बादलीत सोडला. बादली भरायला ३६ सेकंद लागले, म्हणजे ताशी ५०० गॅलन. बाकीचं उंचीने आणि पाइपच्या वळणांनी (एल्बो) खाल्लं.

आत ताशी १५०० गॅलनचे दोन वेव्हमेकर (टाकीतच पाणी ढकलणारे पंप), डाव्या आणि उजव्या काचेवर समोरासमोर. सगळी बेरीज ३५००, म्हणजे टाकीच्या १९ पट.

आता दुखणं. मधोमध वाळूचा छोटा डोंगर झालाय, आणि कडेला काचेचा तळ उघडा पडलाय. दगडांच्या मागे मात्र पाणी हलतच नाही. तिथे तपकिरी गाळ साचतो आणि वाळूवर सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) लालसर-जांभळा पापुद्रा धरतो, ओढून काढला की चार दिवसांत पुन्हा हजर. मोंटीपोरा या प्रवाळाच्या ताटलीत मधोमध गाळ बसतो, आणि नेमकं तेवढंच पांढरं पडत चाललंय. उजवीकडचं टॉर्च कोरल (लांब शेंड्यांचं प्रवाळ) झोताच्या वाटेत आहे, ते दिवसभर मिटलेलं असतं. खारेपणा दर हजारी ३५, तापमान २५.५ अंश, नायट्रेट १५ पीपीएम. पाणी वाईट आहे असं मला तरी वाटत नाही.

डोक्यात तीन पर्याय आहेत : मोठा रिटर्न पंप, तळाला भोकं पाडून क्लोज्ड लूप (टाकीतलंच पाणी बाहेरच्या पंपातून फिरवून परत आत सोडणं), किंवा रिटर्नच्या तोंडाला एडक्टर (झोत वाढवणारी तोटी). आतमध्ये पंपांचे अजून चार डबे लटकवायला घरातून सक्त विरोध आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

तिन्ही पर्याय बाजूला ठेवा.

रिटर्न पंपाचं काम संपमधल्या स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि हीटरपर्यंत पाणी नेऊन आणणं. तासाला टाकीच्या तीन पट होतंय, तेवढं बास. तो वाढवलात तर वीजबिल वाढेल, ओव्हरफ्लो खळखळ करेल आणि दगडामागचा गाळ जागच्या जागी राहील. एडक्टर दाब खर्च करून आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, आणि ११ फूट चढल्यावर तुमच्या पंपाकडे खर्चायला दाबच उरत नाही. क्लोज्ड लूप उत्तम, पण नव्या टाकीत. या मापाच्या तयार टाक्यांचा तळ बऱ्याचदा टेम्पर्ड (तापवून कडक केलेल्या) काचेचा असतो. ड्रिल टेकवलं की भोक पडत नाही, अख्खी काच चुरा होते.

तुमचे दोन झोत मध्यावर एकमेकांना अडवतात आणि खाली कोसळतात, म्हणून तो डोंगर. आणि दगडांची रास मागच्या काचेला चिकटलेली आहे का? असणारच, नाहीतर सायनो तिथेच का येईल?

धागाकर्ता

हो, चिकटलेली आहे. रास कोसळू नये म्हणून टेकवली होती. पण एसपीएसला (मोंटीपोरासारख्या छोट्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांना) तासाला टाकीच्या ४० पट पाणी फिरायला लागतं म्हणतात, त्याचं काय?

प्रतिसाद

४० पट हा अंदाज आहे, आणि तोही वेव्हमेकर धरून. खरा मुद्दा असा : प्रवाळाच्या अंगालगत स्थिर पाण्याचा पातळ थर असतो. प्राणवायू आत येणं, चिकटा आणि टाकाऊ पदार्थ बाहेर जाणं, सगळं त्या थरातूनच होतं. पाणी हललं की थर पातळ होतो. पण एकाच दिशेने सतत मारा झाला तर मांस सोलवटतं. म्हणून जोर हवा, पण दिशा बदलती हवी.

आधी रास काचेपासून चार बोटं पुढे घ्या आणि खालचे दगड अॅक्रिलिकच्या खुंट्यांवर उचला, म्हणजे खालून पाणी वाहील. एका दिवसात सगळं करू नका. एक बाजू, मग पाणी बदल, मग आठवड्याने दुसरी. जुनी वाळू एकदम ढवळली की साचलेली सगळी घाण पाण्यात येते.

मग दोन जुने वेव्हमेकर काढून एकच आडवा जायर पंप उजव्या काचेवर पाण्याच्या जरा खाली लावा. तो चादरीसारखा पट्टा सोडतो. पाणी वरून डावीकडे जातं, काचेला आपटून खाली उतरतं आणि तळालगत, दगडांच्या मागूनही परत येतं. उलट फिरणारा मिळाला तर दर काही तासांनी दिशा बदला. डबा एकच, तेव्हा घरचेही खूश. टॉर्च डावीकडे खाली, दगडाच्या आडोशाला हलवा. त्याचे शेंडे सावकाश डुलायला हवेत, आडवे पडायला नकोत.

धागाकर्ता

हे पटतंय. जायर कमी पडतोय की जास्त होतोय हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद

गोठवलेल्या खाद्याचं पाणी ड्रॉपरने दगडांच्या मागे सोडा आणि कण बघत बसा. जिथे कण खाली बसतील तिथे झोत पोचत नाही. वाळू उडायला लागली तर वेग उतरवा, किंवा पंप दोन इंच वर घ्या. रात्री वेग फार कमी करू नका. दिवे बंद झाले की प्रवाळांकडून प्राणवायू तयार होणं थांबतं आणि सगळे तो वापरतच असतात, अशा वेळी पाण्याचा वरचा पृष्ठभाग हलता हवा.

दर दोन-तीन महिन्यांनी पंप काढून सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात बुडवा. पात्यांवर गुलाबी कॅल्शियमचा थर चढला की झोत मंदावतो. आणि तो ५०० चा रिटर्न आहे ना, त्याच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत सायफन तोडणारं (हवा आत घेऊन उलटा प्रवाह थांबवणारं) छिद्र आहे का ते आजच बघा. वीज गेली तर वरचं किती पाणी बेसमेंटमध्ये उतरेल ते त्यावर ठरतं.