पॅरिस खिशाला झेपतं
पॅरिस विद्यार्थ्यांच्या खिशाला झेपत नाही, असं कुणी तरी म्हटलंय. अगदीच तसं नाही हो. आम्ही चौघं जर्मनीत शिकत असताना रात्रीच्या बसने गेलो. एका रात्रीच्या मुक्कामाचं भाडं तिथेच वाचलं, माना मात्र आखडल्या. युरोपीय संघातल्या देशात राहण्याचा परवाना आणि वय २६ च्या आत असेल, तर लूव्र संग्रहालयाला तिकीट शून्य. आमचा एक पठ्ठ्या परवान्याचं कार्ड हॉस्टेलवरच विसरला, त्याला पूर्ण पैसे मोजावे लागले! आयफेलवर चढलोच नाही. मोंमार्त्रच्या टेकडीवर, साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवरून शहर फुकटात दिसतं. तिथेच गरम बॅगेट (लांबट फ्रेंच पाव) मोडून त्यात बटर आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी भरली. शेजारच्या स्पॅनिश पोरांनी अर्धी पुडी संपवली.