मदत हवी आहे: आमच्या डिझाइन एजन्सीच्या वेबसाइटवरून एकही काम येत नाही

नमस्कार मंडळी,

जळगावात आमची तिघांची डिझाइन एजन्सी आहे. केळी वेफर्सची पाकिटं, डाळमिलच्या पोत्यांवरची छपाई, सराफांच्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) जाहिराती अशी कामं करतो. आजवर सगळं ओळखीतून आलं. नाशिककडची कामं मिळावीत म्हणून गेल्या वर्षी वेबसाइट केली, पण तिच्यावरून अजून एकही फोन आलेला नाही.

का, ते मागच्या महिन्यात दोंडाईच्याला कळलं. मिरची-मसाल्याचा धंदा करणाऱ्या एका काकांना गल्ल्यावरच त्यांच्या फोनमध्ये वेबसाइट उघडून दिली. पहिल्या पानावर पाच मोठे सरकते फोटो, त्यामुळे बराच वेळ नुसता पांढरा पडदा. तेवढ्यात काकांनी दोन गिऱ्हाइकं उरकली. मग फोटो आले, काकांनी बोटाने वर-खाली केलं आणि विचारलं, "चित्रं चांगला शेतस, पन तुम्ही करतस काय?" वर मोठ्या अक्षरांत ‘तुमच्या स्वप्नांना आकार’ लिहिलं होतं. पाकीट, लेबल, खोकं हे शब्द पानभर कुठेच नव्हते. तो प्रश्न मनाला फार लागला.

सरकते फोटो काढले, बाकीचे वेबपी या हलक्या फाइलच्या फॉरमॅटमध्ये केले. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगल सांगतं, मोबाइलवर तिथवर जवळजवळ आलोय. चाळीसेक कामांतली सहाच ठेवणार आहे. प्रत्येकाखाली अडचण काय होती, आम्ही काय बदललं, पुढे काय झालं ते लिहितोय.

‘पुढे काय झालं’ इथेच गाडी अडते. विक्रीचे आकडे कुणी छापू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. एका वेफर्सवाल्यांचं नाव चकचकीत सोनेरी शाईत होतं, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली वाचताच येत नसे. आम्ही ते पिवळ्यावर गडद हिरवं केलं. आता गिऱ्हाईक लांबूनच बोट दाखवून पाकीट मागतं, असं मालक सांगतात. जुन्या-नव्या पाकिटाचे शेजारी शेजारी फोटो आणि मालकांचे हे शब्द, एवढ्यावर अनोळखी माणसाचा विश्वास बसेल का?

दुसरं, भाषेचं. आमचा मराठी मजकूर श्रीलिपीतला, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या फॉन्टमधला. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर अक्षरं नीट दिसत नाहीत, म्हणून तो चित्र करून चढवला होता. मग गूगलवर सापडणार कसा? आता युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसेल आणि गूगलला वाचता येईल अशा अक्षरांत, सगळं नव्याने टाइप करतोय. दोन भाषा असतील तर प्रत्येक भाषेच्या पानाला वेगळा पत्ता द्या असं गूगल म्हणतं. तिघांना दोन्ही भाषांतली पानं सांभाळणं झेपेल का, की आधी मराठीच नीट करू?

आणि दर. ‘लेबल इतक्यापासून पुढे’ असं लिहावं या मताचा मी आहे, भागीदारांना ते पटत नाही. फॉर्म काढून व्हॉट्सअॅपचं बटण ठेवायला मात्र तिघेही तयार आहोत.

एजन्सी चालवणाऱ्यांनी आणि एजन्सीला काम देणाऱ्यांनीही जरूर लिहा. वेबसाइट बघायची असेल त्यांना व्यक्तिगत निरोपातून पत्ता पाठवतो.