गवती चहाचे तेल घरी काढण्यासाठी कमी खर्चाचा संच कसा बांधावा?

प्रश्न

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या शेताच्या बांधावर गवती चहा भरपूर माजला असून पावसाळा सरल्यावर कापलेल्या गवतापैकी बराचसा भाग वाळून वाया जातो. त्याचे तेल काढून घरगुती साबणात वापरावे, अशी माझी इच्छा आहे. काचेचा तयार संच माझ्या ऐपतीबाहेरचा आहे. घरात दहा लिटरचा जुना स्टीलचा कुकर पडून आहे आणि बाकीच्या सामानावर मी चार हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकते. या कामासाठी कुकर वापरणे सुरक्षित आहे का, नळी कोणती घ्यावी आणि अशी भट्टी घरात ठेवण्यास कायद्याची काही आडकाठी आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहेच, शिवाय त्यासाठी भट्टी बाळगणे हाही गुन्हा आहे. गवतापासून किंवा फुलांपासून सुगंधी तेल काढण्यात आंबवलेला माल कुठेच येत नसल्याने ते काम या बंदीत बसत नाही. मात्र संच एकदा तयार झाला की त्यात गूळ-मोहफुलांचे रसायन (दारूसाठी आंबवलेले मिश्रण) घालून पाहण्याचा मोह घरातील कोणालाही होऊ देऊ नये. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

उत्तर २

ताई, कुकर चालेल. पण पैसे भांड्यावर न घालता वाफेची वाट आणि पाण्याचा थंडावा यांवर घाला, कारण स्वस्तातले संच फसतात ते बहुधा याच दोन ठिकाणी.

प्रथम वाफेची वाट पाहू. शिट्टी काढून तिच्या नळीवर थेट पाइप चढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु ते छिद्र अरुंद असते आणि त्यात गवताची एखादी काडी अडकली तरी आत दाब वाढू लागतो. त्यापेक्षा कुकरचे जादा झाकण घेऊन लेथवाल्याकडून त्याला अर्ध्या इंचाचे पितळी निपल (नळी जोडण्याचे तोंड) बसवून घ्यावे. झाकणावरील सेफ्टी व्हॉल्व्ह कोणत्याही परिस्थितीत काढू किंवा बुजवू नये. गवत पाण्यात बुडता कामा नये. तळाशी दोन लिटर पाणी, त्यावर तिवईवर ठेवलेली जाळी आणि जाळीवर बोटभर लांबीचे तुकडे केलेले गवत, अशी रचना असावी. गवत कापल्यावर काही तास सावलीत सुकू द्यावे, म्हणजे तेवढ्याच भांड्यात जास्त माल मावतो. जोडाच्या फटींवर कणकेचा जाड लेप द्यावा. हा लेप स्वस्त तर आहेच, शिवाय दाब वाढलाच तर आधी तोच फुटतो.

नळीसाठी एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळणारी आठ मिलिमीटरची मऊ तांब्याची नळी तीन मीटर घ्या. ती तशीच वाकवली तर चेपते, म्हणून आत कोरडी बारीक वाळू ठासून भरावी, दोन्ही टोके बंद करून एखाद्या जाड पाइपभोवती वेटोळे घालावे आणि नंतर नळी आतून स्वच्छ धुवावी. वेटोळ्याला सर्वत्र खालच्या दिशेने उतार हवा, कारण मध्येच झोल राहिला तर तिथे पाणी साचून वाफ अडते. जोडासाठी शिशाचे डाग अजिबात देऊ नयेत. पीव्हीसी किंवा साधी रबरी नळीही वापरू नये, कारण तिचा वास अर्काला, म्हणजे वाफ गार होऊन नळीतून पडणाऱ्या तेल-पाण्याला, लागतो.

आता थंडाव्याचे गणित. वाफ गार व्हावी म्हणून वेटोळे पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचे असते. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा द्रवरूप होताना सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता सोडते. वीस लिटरच्या बादलीतील पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर जाताना जेमतेम २,५०० किलोज्यूल शोषते. म्हणजे दर लिटर अर्कामागे अख्खी बादली बदलावी लागते. हा हिशेब धरलेला नसतो म्हणून तासाभराने वेटोळे गरम होते, टोकातून वाफ येऊ लागते आणि तेल हवेत जाते. वाफ वेटोळ्यात वरच्या टोकातून शिरावी आणि गार पाणी तळाशी सोडून गरम झालेले पाणी वरच्या काठाने वाहून जाऊ द्यावे. बाहेर पडणारा अर्क बोटाला फार तर कोमट लागला पाहिजे. खोलीभर गवती चहाचा घमघमाट सुटला, तर आच लगेच मंद करावी. नळीचे टोक अर्कात बुडवून ठेवू नका, कारण गॅस बंद करताच कुकर गार होऊन अर्क मागे ओढला जातो.

प्रश्नकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. साधारण किती तेल मिळेल, गॅस किती लागेल आणि तेल पाण्यापासून वेगळे कसे करावे? गुलाब व वाळाही याच संचात चालतील का?

उत्तर २ (पुढे)

ताज्या गवतात साधारण ०.३ ते ०.५ टक्के तेल असते. कुकरमध्ये दीड किलो मावले तर पाच-सहा ग्रॅमची अपेक्षा ठेवा. बहुतेक तेल पहिल्या तास-दीड तासात उतरते, त्यानंतर गॅस जाळण्यात अर्थ नाही. एक लिटर अर्क गाळण्यास सुमारे शंभर ग्रॅम गॅस पुरतो. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे अर्क अरुंद गळ्याच्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून रात्रभर स्थिर ठेवावा. सकाळी गळ्यात पिवळसर तेलाचे स्पष्ट कडे दिसते, ते ड्रॉपरने उचलून घ्यावे. खालचे सुगंधी पाणी उकळून घेतलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे, बाहेर ते लवकर खराब होते. शुद्ध तेल थेट त्वचेवर लावू नये, त्याने आग होते.

वाळ्याचा नाद सोडा. त्याचे तेल जड असते आणि मुळांतून ते निघायला वीस-वीस तास वाफ द्यावी लागते, घरगुती गॅसवर ते परवडत नाही.

उत्तर ३

गुलाबाविषयी थोडी भर घालते. एक किलो पाकळ्यांतून तेल अर्धा ग्रॅमसुद्धा निघत नाही, त्यामुळे घरी गुलाबजलावरच समाधान मानावे आणि त्यासाठी वेटोळ्याचीही गरज नाही. पातेल्याच्या मध्यभागी विटेवर वाटी ठेवावी, भोवती पाकळ्या आणि पाणी घालावे, झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फ टाकावा आणि आच मंद ठेवावी. झाकणाच्या मुठीवरून थेंब वाटीत पडत राहतात. वेटोळे नसलेली जुनी पद्धत पाहायची असेल, तर कनौजच्या अत्तरवाल्यांची रचना अभ्यासण्याजोगी आहे. तिथे तांब्याच्या देगेतून (उकळण्याच्या मोठ्या भांड्यातून) बांबूची नळी भपक्यात, म्हणजे अर्क धरणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तो भपकाच पाण्याच्या हौदात बसवलेला असतो. तिथे हा भपकाही बंद असतो आणि आच कुशल कारागीर सांभाळतात. म्हणून ही रचना घरी करावीशी वाटली, तर अर्क धरणारे भांडे मात्र नेहमी उघडेच ठेवावे.